नख बदलायला वर्ष लागते

नखासाठी डॉक्टरांकडे जायचे, ही गोष्ट आमच्या भागात सहसा कोणाला पटत नाही. साखर, ब्लडप्रेशर, गुडघेदुखी यांसाठी लोक चिपळूण, रत्नागिरी गाठतात. पण पायाचे नख पिवळे पडले, जाड झाले, त्यातून भुसा पडू लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देतात. बायका मेंदीने रंग झाकतात, पुरुष मोज्यांनी. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक आहोत. उर्दू आणि मराठी शिकवतो. वैद्यकशास्त्र आमचा विषय नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात तीन माणसांची नखे बिघडली. पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटावीत, आणि तिन्हींची कारणे मात्र वेगळी निघाली. या निमित्ताने डॉक्टरांकडून जे समजले आणि घरात जे करून पाहिले, ते वाचक बंधू-भगिनींसाठी लिहीत आहोत. विशेषतः ज्यांच्या घरात मधुमेहाचे माणूस आहे, त्यांनी हे वाचावे.

पहिले नख आमच्या अम्मींचे. अम्मींचे वय एकाहत्तर, आणि साखरेची गोळी सुरू होऊन अठरा वर्षे झालेली. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख दोन-तीन वर्षांपासून पिवळट होते. दर ईदला त्या त्यावर मेंदी लावत, त्यामुळे ते कोणाच्या नजरेत भरत नसे. वुजू करताना बोटांच्या बेचक्यांत खिलाल करायची त्यांची सवय पक्की. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, मऊ झाल्याचे त्यांच्या बोटाला लागत होते. कोकणात याला चिखल्या म्हणतात. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला त्या माहीत असतात. अम्मींनी त्यावर कोकमतेल लावले आणि कोणाला काही सांगितले नाही. मग एका सकाळी त्यांच्या नातीने सपातेवर रक्ताचा डाग पाहिला. "दादी, तुम्हाला लागलंय का?" तिने विचारले. अम्मींना काहीच दुखत नव्हते.

रक्त आहे आणि दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट होती. डॉक्टरांनी नखाकडे नंतर पाहिले, आधी दोन्ही तळवे पाहिले. अम्मींना डोळे मिटायला सांगून एक नायलॉनचा जाडसर धागा तळव्याच्या निरनिराळ्या जागी टेकवला आणि "आता कळले का?" असे विचारत गेले. तीन ठिकाणी अम्मींना काहीच कळले नाही. मधुमेहाने पायाच्या नसांची जाणीव कमी झाली होती. जाड झालेले नख चपलेत दाबले जात होते, त्याच्या कडेखाली जखम झाली होती, आणि मेंदूपर्यंत तिची खबर पोहोचतच नव्हती. शेजारी चिखल्यांची भेग होतीच. डॉक्टर म्हणाले, "नखातली बुरशी एकटी फार मोठे नुकसान करत नाही. पण साखरेच्या पायात ती जंतूंसाठी दार उघडे ठेवते. त्या दारातून पू होणारे जंतू शिरले की मग पायच पणाला लागतो." जखम किरकोळ होती. ड्रेसिंगने ती दोन आठवड्यांत भरली. नखाचे काम मात्र त्यानंतर वर्षभर चालले.

ही बुरशी कुठून येते? आपल्या नखात, केसात आणि त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचे कठीण प्रथिन असते. काही बुरशी या केराटिनवरच जगतात. अंगावर गजकर्ण होते तेही याच कुळातल्या बुरशीमुळे. पायाच्या नखात बहुतेक वेळा जी सापडते तिचे नाव ट्रायकोफायटॉन रुब्रम. बऱ्याचदा ती आधी बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांच्या रूपाने राहते आणि तिथून नखाच्या टोकाखाली शिरते. मग टोकाकडून किंवा कडेने पिवळा, पांढुरका पट्टा मुळाकडे सरकू लागतो, नखाखाली भुसा साठतो, नख जाड होते आणि खालच्या त्वचेपासून सुटते. कधी नखाच्या वरच्या बाजूस खडूसारखे पांढरे ठिपके पडतात. क्वचित पांढरेपणा उलट मुळापासून सुरू होतो. तसे दिसले तर लवकर दाखवावे, कारण शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाल्याची ती खूण असू शकते.

पण पिवळे, जाड नख म्हणजे बुरशीच, असे नाही. डॉक्टरांनी सांगितलेली ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकीच्यांत सोरायसिस असतो, बुटाचा मार असतो, वाढते वय असते, इतर त्वचारोग असतात. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, म्हणून तपासणी. ती अगदी साधी आहे. नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुसा खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात. त्याने नख विरघळते, बुरशीचे धागे तसेच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आठवीच्या मुलांना कांद्याचा पापुद्रा दाखवतो, तसाच हा प्रकार. बुरशी नेमकी कोणती हे पाहायचे असेल तर ती प्रयोगशाळेत वाढवून बघतात, त्याला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या तपासणीत काही सापडले नाही आणि शंका कायम असली, तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो. अम्मींच्या नखात धागे सापडले.

आमच्या थोरल्या भाईजानच्या नखात ते सापडले नाहीत. भाईजान कुवेतला कामाला असतात. दिवसाचे दहा तास पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. दोन्ही अंगठ्यांची नखे जाड, पिवळी, मध्येच काळसर. रजेवर आले तेव्हा तालुक्याच्या गावातील एका मेडिकलमधून त्यांनी कोणत्याही चिठ्ठीशिवाय बुरशीच्या गोळ्या घेतल्या आणि तीन महिने खाल्ल्या. फरक शून्य. अम्मींच्या नखाची हकिगत फोनवर ऐकल्यावर पुढच्या रजेत त्यांनी तपासणी करून घेतली. दोन्ही वेळा नमुन्यात बुरशी नव्हती. बुटाचे टोक दिवसभर नखावर आपटून नखाचे मूळ दुखावले होते, आणि काळा रंग साकळलेल्या रक्ताचा होता. उपचार काय, तर एक नंबर मोठा बूट, जाड सुती मोजे आणि नख आखूड, सरळ कापणे. गोळी एकही नाही. मात्र डॉक्टरांनी हेही सांगितले की नखावर काळा पट्टा असेल, तो रुंद होत असेल किंवा नखाशेजारच्या कातडीवर पसरत असेल, तर तो मुकाच्या माराचा आहे असे घरी बसून ठरवू नये. क्वचित तो कर्करोगही असतो.

तिसरे नख भाभींचे, आणि ते हाताचे. भाभी पहाटे भाकरीच्या पिठापासून सुरुवात करतात, मग मासळी साफ करणे, मग भांडी, मग कपडे. दिवसात हात कोरडे कधी होतात, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या दोन बोटांना वरचेवर नखुरडे होई. नखाच्या मुळाशी कातडी सुजलेली, लाल, आणि नखावर आडव्या लाटा. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी चिकटलेली असते, ती त्या फटीचा पहारेकरी असते. सतत पाण्याने ती सुटते आणि आत ओल राहते. साबण, मसाला यांनी तिथली कातडी चिडते, आणि अशा ओल्या फटीत कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी वाढते. डॉक्टरांनी लावायला औषध दिले, पण बजावून सांगितले की हात ओले राहिले तर कोणतेही औषध टिकणार नाही. आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे वापरा, ती कातडी काडीने मागे ढकलू नका, काही आठवडे पाण्यातली कामे दुसऱ्या कोणाला द्या. या शेवटच्या वाक्यावर घरात थोडी शांतता पसरली. मग दोन महिने भांडी मुलांनी घासली आणि मासळी आम्ही दोघांनी आळीपाळीने साफ केली. नखुरडे गेले. भांड्यांची पाळी अजून चालू आहे.

आता अम्मींच्या उपचाराविषयी. नख हे जाड कवच आहे. बुरशी त्याच्याखाली असते, त्यामुळे वरून चोळलेले साधे मलम तिथवर पोहोचत नाही. नख थोडेसेच बिघडले असेल आणि मूळ चांगले असेल, तर नखावर लावायचे खास औषध चालते, उदाहरणार्थ अमोरोल्फिनचे लॅकर आठवड्यातून एक-दोनदा किंवा सायक्लोपिरॉक्सचे रोज. मात्र ते महिनोन्महिने लावावे लागते. नख जास्त बिघडले असेल तर पोटातून गोळी घ्यावी लागते. मुख्य गोळ्या दोन. टर्बिनाफिन रोज एक, हाताच्या नखांसाठी सहा आठवडे, पायाच्या नखांसाठी बारा आठवडे. दुसरी इट्राकोनॅझोल, जी बऱ्याचदा महिन्यातला एक आठवडा अशा टप्प्यांनी देतात. दोन्ही गोळ्या यकृतातून जातात, म्हणून आधी रक्ताची तपासणी होते. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचे पटत नाही. टर्बिनाफिनसाठी मूत्रपिंडाचे कामही पाहतात. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. डॉक्टरांकडे जाताना अम्मींच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आम्ही पिशवीत भरून नेली होती. त्यात कोलेस्टेरॉलची गोळी होती, पायाला सूजही येत होती. ते सगळे पाहून आणि रक्ताचे अहवाल पाहून डॉक्टरांनी टर्बिनाफिन निवडली. चव गेली, भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, तर गोळी थांबवून लगेच यायचे, असे त्यांनी सांगितले. आम्ही ते कागदावर उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहून अम्मींच्या पलंगाशेजारी लावले.

लॅकरचा विषय निघाला तेव्हा अम्मींनी विचारलेला प्रश्न अनेक घरांत विचारला जाईल, म्हणून तो लिहितो. "ते नेलपॉलिशसारखे असते ना? मग खाली पाणी कसे लागणार? माझी वुजू व्हायची नाही." शंका योग्य होती. काही लॅकरचा नखावर खरोखरच पातळ थर होतो. डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी. म्हणाले, तुमच्या नखाला तसेही गोळीच लागणार आहे, लॅकरशिवाय चालेल. गावी आल्यावर आम्ही मशिदीच्या मौलानांनाही विचारले. आजारासाठी लावलेले औषध आणि शोभेची नेलपॉलिश यांना एका मापाने मोजत नाहीत, असे ते म्हणाले, पण थर न होणारा पर्याय मिळत असेल तर आधी तो विचारा, असेही सुचवले. असे द्रावण बाजारात असते. ज्या भगिनींच्या मनात ही शंका येते त्यांनी ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, आपल्या आलिमांना विचारावी, पण मनातल्या मनात ठरवून औषध बंद करू नये. अम्मींच्या गोळ्या चालू असतानाच रमजान आला. दिवसाला एकच गोळी असल्याने ती इफ्तारनंतर घेता आली. साखरेच्या गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांनी बसवून दिल्या.

या आजारात माणसे हरतात ती वेळेपुढे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्मे. म्हणजे अंगठ्याचे अख्खे नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष जाते. औषधाने बिघडलेला भाग चांगला होत नाही. नवे नख मुळातून निरोगी येते आणि जुने पुढे सरकून कापले जाते. बारा आठवड्यांच्या गोळ्या संपल्या तेव्हा अम्मींचे नख पाऊण पिवळेच होते. "पैसे पाण्यात गेले," त्या म्हणाल्या. पण गोळ्या संपल्या तरी हे औषध नखात पुढे कित्येक आठवडे टिकून राहते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत चांगले आणि वाईट नख जिथे मिळत होते, तिथे कानशीने बारीक खाच केली होती. खाच पुढे सरकत राहिली आणि पिवळेपणा तिच्या मागे आला नाही, तर औषध लागू पडले असे समजायचे. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला फोटो काढू लागलो. मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखा तो हिशेब झाला. सहाव्या महिन्यात खाच निम्म्यावर आली, तेव्हा अम्मींनी स्वतः चष्मा लावून ती पाहिली.

चौदा महिन्यांनी अंगठ्याचे नख जवळजवळ नितळ झाले. करंगळीचे अजून वाकडे आहे आणि बहुधा तसेच राहील. याची कल्पना आधी असलेली बरी. टर्बिनाफिनच्या चाचण्यांत बारा आठवड्यांच्या उपचारानंतर पायाच्या नखांतली बुरशी सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडेनाशी झाली, पण बुरशीही गेली आणि नखही पूर्ण स्वच्छ झाले, असे सुमारे ३८ टक्के रुग्णांतच दिसले. आणि बरे झालेल्यांतही काहींना ती पुन्हा होते.

मधल्या काळात सल्ले पुष्कळ आले. लसूण, व्हिनेगर, कडुनिंबाचे तेल, हळदीचा लेप. कोकमतेल टाचेच्या भेगांना उत्तम, ते आम्हीही वापरतो. पण नखाखालची बुरशी यातल्या कशाने मरते असा भरवशाचा पुरावा नाही, आणि साखरेच्या पायावर तिखट, झोंबणारे काही लावले तर भाजल्याचेही कळत नाही. त्याहून धोक्याची असतात ती तीन-तीन औषधे एकत्र असलेली मलमे. त्यांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरते. आज आपल्या देशात गजकर्ण हटता हटत नाही, टर्बिनाफिनलाही दाद न देणारी बुरशी पसरली आहे. अशा मलमांचा बेसुमार वापर हे त्याच्या कारणांपैकी एक मानले जाते.

घरात आम्ही जे बदलले ते खर्चाचे नव्हते. जुम्म्याला नखे कापायची रीत अब्बांच्या वेळेपासूनची आहे, पण एकच नेलकटर सगळ्या घरात फिरत असे. आता अम्मींचे वेगळे आहे, भाईजानचे वेगळे, मुलांचे वेगळे. वुजूच्या जागी एक छोटा सुती पंचा टांगला. वुजूने पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात, ही चांगलीच गोष्ट. धुतलेला पाय तसाच ओला बुटात गेला, तर त्रास होतो. अम्मींना वाकवत नाही, म्हणून त्यांच्या पायांची बेचके नात पुसते. मशिदीतल्या सामाईक सपाता वापरल्या तर पाय धुऊन, पुसून मगच आपली चप्पल घालावी. मोजे सुती, रोज बदललेले, गरम पाण्यात धुतलेले. बूट दोन जोड असतील तर आळीपाळीने वापरून उन्हात वाळवावेत, कारण बुरशीचे बीज जुन्या बुटात बराच काळ राहते. चिखल्या दिसल्या की लगेच औषध घ्यावे, म्हणजे नखापर्यंत वेळच येत नाही.

शाळेत लहान मुलांच्या नखात ही बुरशी क्वचितच आढळते, कारण त्यांची नखे भराभर वाढतात. एखाद्या मुलाचे नख तसे दिसले तर घरातल्या मोठ्यांच्या पायांचीही चौकशी करतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुले भिजलेल्या बुटांनी पाच तास बसतात. आम्ही मुख्याध्यापकांशी बोलून पावसाळ्यात चपला चालतील असे ठरवून घेतले. वर्गात आल्यावर पाय पुसायला दाराशी गोणपाटाऐवजी प्रत्येकाने आपापला फडका आणायचा, हेही मुलांनी लवकर अंगवळणी पाडले.

मधुमेह असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, नखाभोवती लाली, सूज, पू किंवा रक्त दिसत असेल, तर वाट पाहू नका. बाकीच्यांना घाई नाही, पण तपासणीआधी गोळी नको.

अम्मी आता मोहल्ल्यातल्या बायकांना स्वतःचा अंगठा दाखवतात. परवा शेजारच्या खाला आपले नख घेऊन आल्या. अम्मींनी बघितले आणि म्हणाल्या, "मला काय दाखवतेस? डॉक्टरांना दाखव. आणि जायच्या आधी मेंदी लावू नकोस, त्यांना रंग दिसायला हवा."